'नीतिमान ठरणे' की 'नीतिमान होणे'? ल्यूथरच्या वारसांमधला वाद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मनुष्य कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो, ही शिकवण सगळ्याच ल्यूथरन मंडळींना मान्य होती. तिच्यापायी त्यांनी रोमशी फारकत घेतली. मग १५४६ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर वारल्यावर पुढची तीस वर्षं ते याच शिकवणीवरून एकमेकांवर का तुटून पडले? हा नुसता शब्दांचा कीस होता का? आणि तुमच्या अभ्यासगटात बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र चालू आहे, तिथे यातलं काय उपयोगी पडेल?

आधी उत्तर सांगतो, मग तपशील. शब्दांचा कीस नव्हता. भाषा कडवट होती, राजकारण होतं, जुने हेवेदावे होते, हे सगळं खरं. पण त्या प्रत्येक वादाचा तळ गाठला की एकच प्रश्न हाती लागतो: आपल्या पापाने घाबरलेल्या माणसाने आधारासाठी नजर कुठे वळवायची, स्वतःच्या आत की स्वतःच्या बाहेर? मी आधी पाळक होतो, नंतर बरीच वर्षं सेमिनरीत मंडळीचा इतिहास शिकवला. हा प्रश्न मला कधीच पुस्तकी वाटला नाही. का, ते ओघात येईलच.

मराठी वाचकाला इथे एक सोय आहे, ती आधी वापरून घेऊ. आपल्या बायबलमध्ये 'नीतिमान ठरणे' असा शब्दप्रयोग आहे. मी वर्गात फळ्यावर दोन वाक्यं लिहायचो: 'तो निर्दोष ठरला' आणि 'तो निरोगी झाला'. मग क्रियापदांची अदलाबदल करून मोठ्याने वाचायला सांगायचो. 'निर्दोष झाला' म्हणताना जीभ अडखळते, कारण निर्दोष कुणी होत नसतो, त्याला कोर्ट तसं ठरवतं. 'निरोगी ठरला' म्हटलं तर डॉक्टरच्या दाखल्यापुरतं वाटतं, अंगातला ताप गेला की नाही ते कळत नाही. ठरणं हा निवाडा, होणं हा बदल. पौलाने वापरलेला ग्रीक शब्द कोर्टकचेरीतला आहे, 'ठरवणे' या अर्थाचा. लॅटिन भाषांतरातल्या शब्दाच्या पोटात मात्र 'करणे' हे क्रियापद दडलेलं आहे. त्यामुळे ऑगस्टीनपासून पुढे पश्चिमेकडच्या मंडळीने हजार वर्षं 'देव माणसाला नीतिमान करतो, म्हणजे आतून बदलतो' असाच अर्थ घेतला. रोमकरांस ४ मधला 'गणणे' हा शब्दही आपल्याला परका नाही. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं. सातबाऱ्यावर वारसाचं नाव लागतं तेव्हा त्याने त्या जमिनीत नांगराचा फाळही घातलेला नसतो. तरी जमीन त्याची असते.

आता ल्यूथर. १५४५ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, आपल्या लॅटिन ग्रंथांच्या प्रस्तावनेत त्याने जुनी आठवण लिहिली आहे. रोमकरांस १:१७ मधला 'देवाचं नीतिमत्त्व' हा शब्द त्याला नकोसा वाटे, कारण त्याचा अर्थ पाप्याला शिक्षा करणारा देवाचा न्याय असा त्याला शिकवला होता. त्या वचनाशी रात्रंदिवस झुंजल्यावर त्याला उमगलं की हे नीतिमत्त्व देव आपल्याकडे मागत नाही, आपल्याला देतो. आणि स्वर्गाची दारं सताड उघडल्यासारखं त्याला वाटलं. गलतीकरांस पत्रावरचं त्याचं मोठं भाष्य १५३५ मध्ये छापलं गेलं. त्यात तो म्हणतो की आपली शिकवण खात्रीची आहे, कारण ती आपल्याला आपल्यापासून हिसकावून घेते आणि आपल्या बाहेर नेऊन उभं करते. ही झाली एक बाजू. पण त्याच भाष्यात तो असंही म्हणतो की अंगठीच्या कोंदणात हिरा बसावा तसा विश्वास ख्रिस्ताला धरून ठेवतो; विश्वासातच ख्रिस्त हजर असतो. त्याआधी १५२० मध्ये त्याने विश्वासाला लग्नाची उपमा दिली होती: नवरीचं सगळं कर्ज नवऱ्याच्या माथी आणि नवऱ्याची सगळी दौलत नवरीच्या नावे.

म्हणजे ल्यूथरच्या लिखाणात 'बाहेरचा निवाडा' आणि 'आत आलेला ख्रिस्त' या दोन्ही गोष्टी एकाच दमात येतात. त्याला त्यांची फोड करण्याची गरज वाटली नाही. पुढच्या पिढीला ती करावी लागली.

त्याचा सहकारी फिलिप मेलांख्थोन याचा पिंड वेगळा. तो भाषापंडित, शब्दाची व्याख्या केल्याशिवाय पुढे न सरकणारा. १५३० चा ऑग्सबर्गचा विश्वासांगीकार, म्हणजे ल्यूथरन श्रद्धेची जाहीर मांडणी, त्यानेच लिहिली आणि त्याच्या बचावासाठी १५३१ मध्ये त्याचं समर्थनही. या समर्थनात एक वाक्य आहे, ते मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. नीतिमान ठरणे म्हणजे अनीतिमानाचा नीतिमान केला जाणे, नव्याने जन्मणे, आणि तसा घोषित होणे किंवा गणला जाणेही, असा त्याचा आशय आहे. एका वाक्यात दोन्ही! पुढे मेलांख्थोन जसजसा अधिक काटेकोर झाला तसतसं त्याने पहिलं अंग बाजूला ठेवलं आणि 'घोषणा, निवाडा' हाच अर्थ धरला. पण १५३१ चा मजकूर सर्वमान्य दस्तऐवज होऊन बसला होता. पुढे भांडणाऱ्या दोन्ही बाजू त्याकडे बोट दाखवू शकत होत्या.

ल्यूथर १८ फेब्रुवारी १५४६ ला आइसलेबेन या जन्मगावीच वारला. वर्षभरात सगळं कोसळलं. जानेवारी १५४७ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने नीतिमान ठरण्याबद्दलचा आपला ठराव ३३ निषेधकलमांसह मंजूर केला. एप्रिलमध्ये म्यूलबर्गच्या लढाईत सम्राट पाचव्या चार्ल्सने प्रॉटेस्टंट राजांचा पराभव केला आणि ल्यूथर जिथे शिकवायचा ते विटेनबर्ग त्याच्या हाती पडलं. १५४८ मध्ये सम्राटाने 'इंटरिम' नावाचा तात्पुरता धर्मतह लादला. तो अगदीच गळी उतरेना, म्हणून सॅक्सनीत त्याच वर्षअखेरीस मेलांख्थोनच्या मदतीने एक सौम्य मसुदा बनवला गेला, लाइपझिगचा. त्यात माणूस स्वतःच्या कर्मांच्या पुण्याईने नीतिमान ठरत नाही असं स्पष्ट होतं. पण 'केवळ विश्वासाने' यातला 'केवळ' हा शब्द गळला होता.

हा शब्द ग्रीक मजकुरात नाही, आपल्या मराठी बायबलमध्येही रोमकरांस ३:२८ मध्ये नाही. ल्यूथरने तो जर्मन भाषांतरात घातला. त्यावरून टीका झाली तेव्हा १५३० मध्ये त्याने ठणकावून सांगितलं की जर्मन माणूस हे असंच बोलतो आणि पौलाच्या म्हणण्याचा रोखही तोच आहे. त्यामुळे १५४८ मध्ये तो शब्द नसणं म्हणजे ल्यूथरच्या थडग्यावरची माती सुकायच्या आत माघार, असं अनेकांना वाटलं. इस्ट्रियाहून आलेला, मेलांख्थोनच्याच हाताखाली शिकलेला तरुण प्राध्यापक मथियास फ्लाचियस विटेनबर्ग सोडून माग्डेबर्गला गेला आणि तिथल्या छापखान्यांतून त्याने पत्रकांचा मारा सुरू केला. विश्वासघात झाल्याची ही भावना लक्षात ठेवा. पुढचा प्रत्येक वाद याच भळभळत्या जखमेवरून जातो. एरवी चहा पिता पिता मिटला असता असा मतभेदही या काळात मिटत नव्हता.

आता मूळ गाभ्याकडे, आंद्रेयास ओझिआंडरकडे. हा १४९८ चा, न्यूरेंबर्गचा धर्मसुधारक, हिब्रूचा पंडित. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाला जी निनावी प्रस्तावना आहे, ती यानेच लिहिली. १५२० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूरेंबर्गमध्ये त्याची प्रवचनं ऐकून ट्यूटॉनिक धर्मयोद्ध्यांचा प्रमुख आल्ब्रेख्त सुधारणेकडे वळला आणि १५२५ मध्ये प्रशियाचा ड्यूक झाला. ओझिआंडरला तो आपला आत्मिक पिता मानी. इंटरिम आला तेव्हा ओझिआंडरने न्यूरेंबर्ग सोडलं; छळाला घाबरून नव्हे, तर तह मान्य नव्हता म्हणून. ड्यूकने त्याला क्योनिग्सबर्गला, म्हणजे आजच्या कालिनिनग्राडला बोलावलं आणि नव्या विद्यापीठात धर्मशास्त्राच्या प्रमुख प्राध्यापकाच्या खुर्चीत बसवलं. ओझिआंडरकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. विद्यापीठ मेलांख्थोनच्या जावयाच्या नेतृत्वाखाली सुरू झालेलं आणि बरेच शिक्षक विटेनबर्गच्या मुशीतले. ठिणगी पडायला एवढं पुरे होतं.

२४ ऑक्टोबर १५५० ला त्याने नीतिमान ठरण्यावर जाहीर वादसभा घेतली. त्याचं म्हणणं काय होतं, ते त्याच्या बाजूने समजून घ्या, कारण ते उथळ नव्हतं. तो म्हणाला, ख्रिस्ताने वधस्तंभावर आपल्यासाठी जे केलं ती झाली मुक्ती, आपली सुटका. ती १५०० वर्षांपूर्वी झाली, आपला जन्मही झाला नव्हता तेव्हा. नीतिमान ठरणं ही आज, माझ्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे. ती निराळी असली पाहिजे. ती अशी, की सुवार्तेच्या वचनातून ख्रिस्त स्वतः आपल्या दैवी स्वभावासह माझ्यात येऊन राहतो, आणि देवाचं जे अनादि नीतिमत्त्व तेच माझं नीतिमत्त्व होतं. यिर्मया २३:६ मध्ये येणाऱ्या राजाचं नावच 'परमेश्वर आमचं नीतिमत्त्व' अशा अर्थाचं आहे, हे त्याचं लाडकं वचन. देव आत नसलेल्या माणसाला देव नीतिमान म्हणेल तर तो खोटं बोलेल, असा त्याचा सवाल होता. जे नुसतं 'गणलं जाणं' शिकवतात ते बर्फाहून थंड शिकवण देतात, हे त्याचं वाक्य तेव्हा सगळ्या जर्मनीत गाजलं.

आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर तो विचारत होता: नाव लागलं हो, पण कणगीत दाणा कुठे आहे?

पण मग माझ्यात उरलेल्या पापाचं काय? यावर ओझिआंडरचं उत्तर असं, की आत राहायला आलेल्या देवाच्या नीतिमत्त्वापुढे आपलं पाप म्हणजे निर्मळ महासागरात पडलेला एक गढूळ थेंब. देव महासागर पाहतो. ऐकायला हे फार सुंदर आहे. मी स्वतः तरुणपणी यावर भाळलो होतो, नाव न घेता प्रवचनांतून हेच सांगत असे.

इथे मला सरकारी दवाखान्यातला एक वॉर्ड आठवतो. मी नवा पाळक होतो. मंडळीतले एक वृद्ध शिक्षक शेवटच्या आजारात होते. आयुष्यभर सचोटीने वागलेला माणूस, दर रविवारी पुढच्या बाकावर. मी त्याआधीचे सलग काही रविवार गलतीकरांस २:२० वर बोललो होतो: 'ख्रिस्त माझ्या ठायी जगतो'. नाकातली नळी सावरत ते म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही सांगितलंत म्हणून रात्रभर आत शोधतोय. आत भीती आहे, जुन्या चुका आहेत. तो काही सापडत नाही." माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मीच त्यांना चुकीच्या जागी शोधायला पाठवलं होतं. शेवटी बायबल उघडून मी रोमकरांस ८ मधलं ते वाचलं, की देवाच्या निवडलेल्यांवर दोषारोप कोण ठेवील, देवच नीतिमान ठरवणारा आहे. ते म्हणाले, "पुन्हा वाचा." मी 'ठरवणारा' या शब्दाशी थांबून पुन्हा वाचलं. त्या संध्याकाळपर्यंत मी ओझिआंडरच्या विरोधकांना कोरडे पंडित समजत होतो.

कारण त्यांचा आक्षेप नेमका हाच होता. मेलांख्थोनने १५५२ मध्ये जे उत्तर लिहिलं त्यात तो 'ख्रिस्त आपल्यात राहतो' हे नाकारत नाही, ठामपणे मान्य करतो. पण विचारतो, की पाप्याला शांती कशाने मिळते? आपल्यात सुरू झालेल्या नव्या जीवनाने, की मध्यस्थाने आपल्यासाठी केलेल्या आज्ञापालनाने आणि सांडलेल्या रक्ताने? आतलं काम खरं असलं तरी अपुरं असतं, आणि अपुऱ्यावर भार टाकला की माणूस एक तर फुशारतो किंवा खचतो. लक्षात घ्या, इंटरिमवरून मेलांख्थोनचे वाभाडे काढणारा फ्लाचियस या वादात त्याच्या बाजूने उभा राहिला. एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन माणसं एका मुद्द्यावर एकत्र येतात तेव्हा तो मुद्दा नुसत्या गटबाजीचा नसतो.

'हा शब्दांचा कीस आहे' असं तेव्हाही कुणाला वाटलं होतं का? हो. ड्यूक आल्ब्रेख्तने ओझिआंडरचं म्हणणं जर्मनीतल्या राजांकडे आणि मंडळ्यांकडे अभिप्रायासाठी पाठवलं, तेव्हा वुर्टेमबर्गच्या योहान्नेस ब्रेन्झने सौम्य उत्तर दिलं: दोघं एकच सांगत आहेत, शब्द तेवढे वेगळे. ब्रेन्झ समंजस माणूस होता, त्याला मंडळी फुटायला नको होती. बाकीचे अभिप्राय मात्र बहुतेक ओझिआंडरच्या विरोधात गेले. माझं मत सांगतो: ब्रेन्झचा हेतू चांगला, निदान चुकीचं. दोघांच्या शिकवणीखाली आयुष्य काढलेली दोन माणसं मरणाच्या खाटेवर वेगवेगळ्या दिशेला पाहतील. एवढा फरक असेल तर तो शब्दांचा म्हणता येत नाही.

क्योनिग्सबर्गमध्ये मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. कॅथीड्रलचा पाळक योआखिम म्योर्लिन आणि ओझिआंडर एकाच शहरातल्या दोन व्यासपीठांवरून एकमेकांवर बरसू लागले. त्यात फ्रान्चेस्को स्टांकारो नावाचा इटालियन हिब्रूपंडित येऊन पडला आणि म्हणाला, ख्रिस्त मध्यस्थ आहे तो फक्त मानवी स्वभावाने. दैवी स्वभावाचा इथे संबंधच नाही. म्हणजे एक म्हणतो फक्त दैवी, दुसरा म्हणतो फक्त मानवी. १७ ऑक्टोबर १५५२ ला ओझिआंडर वारला. म्योर्लिनला पुढच्या वर्षी ड्यूकने हद्दपार केलं. ओझिआंडरचा जावई योहान फुंक दरबारी उपदेशक आणि राजकीय सल्लागार झाला. १५६६ मध्ये आणखी दोघांसोबत त्याचा भर बाजारात शिरच्छेद झाला. आरोप बरेचसे राजकीय होते, पण धर्मशास्त्राचा राग त्यात मिसळलेला होता. ड्यूकच्या ग्रंथालयात त्या वर्षांत मार्टिन केम्नित्स नावाचा तरुण ग्रंथपाल पुस्तकं वाचत हे सगळं पाहत होता. त्याचं नाव पुढे येईल.

दुसरा मोठा वाद सत्कर्मांचा. विटेनबर्गचा प्राध्यापक गेओर्ग मेयर याने १५५२ मध्ये लिहिलं की सत्कर्मं तारणासाठी, म्हणजे पापातून सुटकेसाठी, आवश्यक आहेत. वाईट कर्मांनी कुणी तरत नाही आणि चांगल्या कर्मांवाचूनही कुणी तरणार नाही. कर्मांनी तारण विकत मिळतं असं त्याला म्हणायचं नव्हतं, हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याला भीती होती ती स्वैराचाराची. 'विश्वास ठेवला, आता काहीही करा' असं वागणारे लोक त्याच्या डोळ्यांसमोर होते आणि आपल्याही डोळ्यांसमोर आहेत. पण लाइपझिगच्या मसुद्याशी त्याचं नाव जोडलेलं असल्यामुळे हे वाक्य ऐकताच लोक बिथरले. ल्यूथरचा जुना मित्र निकोलाउस फॉन आम्सडोर्फ तर इतका संतापला की १५५९ मध्ये त्याने उलटं विधान छापलं: सत्कर्मं तारणाला हानिकारक आहेत.

आम्सडोर्फला काय म्हणायचं होतं ते कळतं. कर्मांवर भरवसा टाकला तर कर्मंच आड येतात, पौलाने फिलिप्पैकरांस ३ मध्ये आपली सगळी जमेची बाजू केरकचरा म्हटली तसं. पण असं वाक्य मंडळीसमोर म्हणणाऱ्या पाळकाला मी व्यासपीठावरून खाली बोलावीन. मेयरच्या वाक्यातली अडचण मात्र अधिक खोल आहे. 'आवश्यक' हा शब्द एकटा असेल तर बरोबर आहे: मुलाने आईची सेवा करणं आवश्यक आहे, झाडाला फळ येणं आवश्यक आहे. त्याला 'तारणासाठी' जोडलं की तो अटीचा शब्द होतो. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या, शेवटच्या घटकेला तारण मिळालेल्या चोराला मेयरचं वाक्य ऐकवून पाहा. त्याच्या हाताला खिळे होते. कुठलं सत्कर्म तो करणार होता? मेयरने पुढे ते वाक्य वापरणं सोडून दिलं, गैरसमज होतो म्हणून. ल्यूथरने १५२२ च्या रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत हा गुंता आधीच सोडवून ठेवला होता. विश्वास ही जिवंत, धडपडी गोष्ट आहे. सत्कर्मं करायची का असं ती विचारत नाही, विचारायच्या आत करून मोकळी झालेली असते. आगीपासून ऊब आणि उजेड वेगळे काढता येत नाहीत तशी विश्वासापासून कर्मं.

बाकीचे वाद मी भरभर सांगतो. माणसाची इच्छा देवाकडे वळताना काही हातभार लावते का, यावर १५६० च्या ऑगस्टमध्ये वायमारला फ्लाचियस आणि व्हिक्टोरिन श्ट्रिगेल यांची वादसभा झाली. हातभार शून्य आहे हे सिद्ध करण्याच्या भरात फ्लाचियस म्हणून बसला की पाप हे माणसाचं मूळ द्रव्यच आहे. मित्रांनी समजावलं तरी त्याने ते मागे घेतलं नाही. ज्याने 'केवळ' या शब्दासाठी सगळं पणाला लावलं, तो माणूस पुढे गावोगाव आसरा शोधत फिरला आणि १५७५ मध्ये फ्रँकफर्टला वारला. मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटतं. शिवाय विश्वासणाऱ्याला नियमशास्त्राची गरज उरते का, हाही वाद होता, ल्यूथर जिवंत असतानाच योहान आग्रिकोलाने सुरू केलेला.

शेवटी पुढच्या पिढीने हे निस्तरलं. याकोब आंद्रेए, डेव्हिड ख्यूट्रेयस, निकोलाउस झेल्नेकर आणि तो ग्रंथपाल मार्टिन केम्नित्स, आणखी दोघांसह, १५७७ मध्ये माग्डेबर्गजवळच्या बेर्गेन मठात बसले आणि त्यांनी 'फॉर्म्युला ऑफ काँकर्ड', म्हणजे एकमतपत्र पूर्ण केलं. २५ जून १५८० ला, ऑग्सबर्गच्या विश्वासांगीकाराला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, ते इतर दस्तऐवजांसोबत ड्रेस्डेनला प्रसिद्ध झालं. ८००० हून अधिक पाळकांच्या आणि शिक्षकांच्या सह्या त्याखाली होत्या. सगळ्यांनी ते स्वीकारलं असं नाही. डेन्मार्कच्या राजाने तर आपल्याकडे आलेल्या प्रती आगीत टाकल्या.

त्यातलं तिसरं कलम तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. ओझिआंडर आणि स्टांकारो दोघांनाही ते बाजूला सारतं: आपलं नीतिमत्त्व म्हणजे ख्रिस्ताचा नुसता दैवी स्वभाव नव्हे आणि नुसता मानवीही नव्हे, तर देव आणि मनुष्य असलेल्या त्या एका संपूर्ण व्यक्तीने जन्मापासून वधस्तंभापर्यंत केलेलं आज्ञापालन. १५३१ च्या समर्थनात 'नव्याने जन्मणे' हा शब्द कधी कधी 'नीतिमान ठरणे' याच अर्थाने आला आहे, हेही ते प्रामाणिकपणे कबूल करतं. आणि देव विश्वासणाऱ्यात राहतो का? राहतो, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा राहतो. पण ते राहणं नीतिमान ठरण्याच्या मागून येतं, त्याचा पाया होत नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आधी ठरणं, मग होणं. आणि होणं कितीही पुढे गेलं तरी टेकायचं ठरण्यावरच. चौथं कलम मेयरचं वाक्य आणि आम्सडोर्फचं वाक्य दोन्ही निकालात काढतं.

वाद तिथे संपला का? नाही. १७ व्या शतकाच्या अखेरीस हाले इथल्या पिएटिस्ट, म्हणजे मनोभावे भक्तीवर जोर देणाऱ्या लोकांनी पुन्हा आतल्या बदलावर भर दिला, विटेनबर्गवाले पुन्हा सावध झाले. याच हालेत तयार झालेला त्सीगेनबाल्ग ९ जुलै १७०६ ला तामिळ किनाऱ्यावर त्रांकेबारला उतरला आणि भारतात प्रॉटेस्टंट मिशनकार्याची सुरुवात झाली, म्हणजे या वादाची एक शाखा आपल्या देशापर्यंत आली. १९६३ मध्ये हेलसिंकीला जागतिक ल्यूथरन महासंघाची सभा भरली; 'नीतिमान ठरणे' यावर आजच्या भाषेत एक निवेदन काढायचं होतं, आणि ल्यूथरन लोकांनाच त्यावर एकमत करता आलं नाही. त्याच शहरात पुढे तुओमो मन्नेरमा या प्राध्यापकाने अंगठी आणि हिऱ्याचं ते वाक्य पुन्हा पुढे आणलं: ल्यूथरसाठी विश्वासात हजर असलेला ख्रिस्तच आपलं नीतिमत्त्व आहे, पुढच्यांनी ते निव्वळ कोर्टाचं प्रकरण करून टाकलं. टीकाकारांनी लगेच विचारलं, हा ओझिआंडर परत आला का? मन्नेरमाने ओझिआंडरसारखी ख्रिस्ताच्या दोन स्वभावांची फाळणी केलेली नाही, त्यामुळे तो शिक्का अन्यायाचा आहे असं मला वाटतं. पण दवाखान्यातला तो प्रश्न मी त्यालाही विचारला असता.

३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये ल्यूथरन महासंघ आणि रोमन कॅथलिक मंडळीने या शिकवणीवरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. त्याआधी जर्मनीतल्या शंभराहून अधिक प्रॉटेस्टंट प्राध्यापकांनी जाहीर पत्र काढून विरोध केला होता. कळीचा मुद्दा जुनाच: नीतिमान ठरलेला माणूस अजून पापी असतो का? ल्यूथर म्हणे, एकाच वेळी नीतिमान आणि पापी. 'होणे' हा अर्थ धरणाऱ्याला हे वाक्य विसंगत वाटतं, 'ठरणे' धरणाऱ्याला ते रोजच्या अनुभवाचं वाटतं. त्या घोषणेने शिव्याशाप थांबवले याचा मला मनापासून आनंद आहे. मतभेद पूर्ण मिटला असं मात्र मी विद्यार्थ्यांना कधी सांगितलं नाही.

आता तुमचा अभ्यासगट. आपल्या मराठी मंडळ्या बहुतेक ल्यूथरन नाहीत. अमेरिकन मराठी मिशन, अँग्लिकन, स्कॉटिश मिशन अशा वाटांनी त्या आल्या. त्यामुळे ओझिआंडर आणि मेयर ही नावं गटात न घेतली तरी चालेल. पण दोन गोष्टी करा. एक, रोमकरांस ६ आणि ८ कडे घाईने जाऊ नका. चौथा अध्याय दोन-तीन बैठका घ्या आणि 'गणणे' हे क्रियापद किती वेळा येतं ते मुलांना मोजायला लावा. दुसरं, याकोब २:२४ वरून कुणीतरी विचारेलच, की इथे तर मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनी नीतिमान ठरतो असं लिहिलंय. तेव्हा घाबरून विषय बदलू नका. पौल अब्राहामाबद्दल बोलताना उत्पत्ती १५ वर बोट ठेवतो: रात्रीचं आकाश, तारे, मूलबाळ नसलेला म्हातारा, आणि नुसतं वचन. याकोब बोलतो तो मुख्यतः उत्पत्ती २२ बद्दल, अब्राहाम आपला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला निघाला त्या मोरियाच्या डोंगरावरच्या वेदीबद्दल. तोवर इसहाक जन्मून लाकडं वाहण्याइतका मोठा झाला आहे. दोन्ही अध्याय गटात मोठ्याने वाचा. आधी पंधरावा.